फांदी मोडेल म्हणून

ओस्नाब्रुक, १२ नोव्हेंबर १९६१

अमिगदाली गावच्या पाद्रीबाबांना,
सविनय नमस्कार.

आपली ओळख नाही. मी इथल्या रेल्वे स्टेशनवर तिकीट खिडकीत काम करते. माझा धाकटा भाऊ गेरॉल्ड मे १९४१ मध्ये हवाई छत्रीने तुमच्या बेटावर उतरला आणि परत आला नाही. 'बेपत्ता' असा एक कागद आला, एवढंच.

गेल्या महिन्यात त्याच्या तुकडीतला एक सोबती आमच्याकडे आला होता. तो म्हणाला, गावाचं नाव अमिगदाली, टेकडीवर एक लहान देऊळ, देवळाला लागून ऑलिव्हचं मोठं झाड. गेरॉल्डची छत्री त्या झाडात अडकली होती.

आई अंथरुणाला खिळलेली आहे. वडिलांच्या थडग्याशेजारची जागा तिने अजून रिकामी ठेवली आहे. 'तिथे आधी गेरॉल्ड येईल, मग मी,' असं ती सगळ्यांना सांगते. त्याची हाडं कुठे आहेत हे कोणाला ठाऊक असेल तर कृपा करून कळवा. हे विचारायचा हक्क आम्हाला किती उरला आहे, ते मला कळतं. तरी विचारते आहे.

आपली,
इर्मगार्ड राडेमाखर

*

अमिगदाली, ३ डिसेंबर १९६१

इर्मगार्डबाई,

तुमचं पत्र पाद्रीबाबांनी माझ्या हातात ठेवलं, कारण ते शेत माझं आहे. मला फक्त ग्रीक येतं, जर्मन नाही. हानिया शहरातले औषधवाले श्री. वोलानिस तरुणपणी म्युनिकला शिकायला होते. त्यांनी वाचून दाखवलं. मी बोलते आहे आणि ते लिहीत आहेत.

झाड आहे. हाडं नाहीत.

तुमचे लोक आले तो मे महिना. जूनमध्ये त्यांनी आमच्या गावातले पुरुष तेलाच्या घाण्यामागे भिंतीशी उभे केले. त्यात माझा भाऊ होता. तो बेपत्ता नाही. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, कारण त्याला मीच उचललं.

तुमच्या आईला आराम पडो.

आर्गिरो चुरुनाकी

ता. क. मी वोलानिस. बाई याहून बरंच जास्त बोलल्या. ते जर्मनमध्ये लिहिण्याजोगं नाही, आणि लिहिलं तर माझ्या दुकानात बसून बोलल्या म्हणून थोडा दोष माझ्याकडेही येईल. तेव्हा एवढ्यावर भागवून घ्या.

*

ओस्नाब्रुक, १४ जानेवारी १९६२

आर्गिरोबाई,

उत्तर आलं हेच खूप झालं. जूनमधली गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्याकडे ती कोणी सांगत नाही. तुमच्या भावाचं नाव कळवलंत तर इथल्या चर्चमध्ये एक मेणबत्ती लावेन. नको असेल तर लावणार नाही.

हाडांचं पुन्हा विचारत नाही. एकच विचारते. तो सोबती आईसमोर बोलला नाही, मला दारात गाठून म्हणाला. गेरॉल्ड झाडाला लटकला होता. त्यांच्या छत्रीचा पट्टा पाठीमागे जोडलेला असे, त्यामुळे अडकलेल्या माणसाचा हात दोऱ्यांपर्यंत पोचत नसे. तो नुसता लोंबत राही. आणि एका शेतकऱ्याने विळा घेऊन झाडावर चढून त्याला तसाच कापला.

असं असेल तर मला सांगा. फार वेळ लागला का, एवढंच. आईला मी काहीही सांगणार नाही.

सोबत त्याचा फोटो आहे. परत पाठवला नाहीत तरी चालेल. हसला की वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो, म्हणून तो फोटोत कधी हसायचा नाही. या एकाच फोटोत चुकून हसला आहे.

इर्मगार्ड

*

अमिगदाली, ८ मार्च १९६२

इर्मगार्ड,

तुमचं पत्र वाचून मी इतकी चिडले की वोलानिसांनी मला आधी पाणी दिलं, मग पेन उचललं. तुमचा तो सोबती खोटं बोलतो. विळा घेऊन चढला तो माझा नवरा, पोलिख्रोनिस. आता नीट ऐका.

आम्ही दोघं सकाळी बार्ली कापत होतो. आधी बॉम्ब पडले, ते रोजचेच होते. म्हणून आम्ही बांधाच्या आड बसून राहिलो. मग विमानं इतकी खाली आली की बार्ली आडवी झाली, आणि त्यांच्या पोटातून माणसं सांडायला लागली. सांडायला लागली असंच म्हणते, कारण उतरणाऱ्या माणसाला आपण कुठे उतरतोय ते कळत असतं. यांना काही कळत नव्हतं. एक खळ्यावर आपटला. एक पाण्याच्या हौदात पडला, वरून त्याची छत्री पडली, आणि तो तिच्याखालीच बुडाला. टेकडीवरून इंग्रजांच्या बंदुका चालू होत्या. कितीतरी जण जमिनीला लागायच्या आधीच मान टाकून खाली आले.

जे जिवंत होते त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या. त्या वेगळ्या पेट्यांत होत्या, वेगळ्या छत्र्यांनी पडलेल्या. एक पेटी घळीत, एक आमच्या द्राक्षांच्या मळ्यात, एक पलीकडे चर्चच्या आवारात. ही पोरं बार्लीतून पोटावर सरपटत पेट्या शोधत होती आणि एकमेकांची नावं ओरडत होती. मला जर्मन येत नाही, पण नाव कोणत्याही भाषेत नावासारखंच ऐकू येतं. काहींना 'ओ' मिळत होती. बहुतेकांना नाही.

तुमचा भाऊ आमच्या झाडात होता. टोप पडून गेला होता. तोंड जमिनीकडे, हातपाय हवेत, आणि फांदी करकरत होती. पोलिख्रोनिस उठला. मी म्हटलं, "खाली बस, वेडा झालास का?"

तो म्हणाला, "अगं, बघ ना, ओल्या गोणीसारखा लोंबतोय. फांदी मोडेल माझी."

"मोडू दे फांदी!"

"आजोबांनी कलम केलेलं झाड आहे," तो म्हणाला, आणि विळा कमरेला खोचून चढला. आता तुम्हीच सांगा, चहूकडे गोळ्या चालल्या असताना फांदीसाठी कोण चढतं? माझ्या नवऱ्याला चांगलं काही करायचं असलं की आधी असंच एखादं खुळचट कारण लागायचं. लग्नाची मागणी घालायला आला तेव्हासुद्धा शेळी शोधत आलोय म्हणाला होता.

तुमचा भाऊ विळा बघून तडफडायला लागला. पोलिख्रोनिस ओरडला, "हलू नकोस, गाढवा! दोघेही पडू!" त्याला ग्रीक काय कळणार? पण तो शांत झाला. पोलिख्रोनिसने एका हाताने त्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने दोऱ्या कापायला लागला. एका बाजूच्या सगळ्या कापल्या. त्याला मारायचं असतं तर दोऱ्या कशाला कापल्या असत्या?

मग मळ्याच्या बाजूने बंदूक वाजली. पेटी सापडली होती कोणाला तरी. त्याला खालून काय दिसलं असेल? आपला माणूस लटकलाय आणि वर विळा घेतलेला शेतकरी. त्याने दोघांवरही गोळ्या झाडल्या. वेळ लागला नाही, इर्मगार्ड. दोघांनाही लागला नाही.

हे गावात कोणाला माहीत नाही. गावात पोलिख्रोनिसचं नाव संगमरवरावर आहे, जर्मन मारणारा पहिला म्हणून. जूननंतर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की तो जर्मनाला सोडवायला चढला होता? वोलानिसांनी मुलाबाळांची शपथ घेतली आहे. तुम्हीही बोलू नका.

भावाचं नाव मानुसोस. मेणबत्ती लावा.

आर्गिरो

*

ओस्नाब्रुक, २२ एप्रिल १९६२

प्रिय आर्गिरो,

मानुसोससाठी लावली. त्याच्या शेजारी एक पोलिख्रोनिससाठीही लावली. विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, सगळं. आधी दाखवणार नव्हते. शेळीच्या ठिकाणी ती हसली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणजे शेवटी कोणीतरी त्याला धरलं होतं."

आणखी एक सांगायचं आहे, ते फक्त तुम्हाला. तो सोबती आमच्याकडे आला तेव्हा बरीच पिऊन होता. बोलता बोलता म्हणाला होता, "आमच्यातली पहिली पेटी मी उघडली. द्राक्षांच्या मळ्यात." तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही. दर नाताळला तो आईला फुलं पाठवतो, दर वर्षी, आणि पत्ता लिहीत नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदाच घरी आला होता.

मी त्याला काही कळवणार नाही. तुम्हाला कळवावंसं वाटलं तर सांगा, मी त्याला शोधेन. तो हक्क तुमचा आहे.

हाडांचं विचारणार नाही असं लिहिलं होतं. विचारत नाही. पण आई विचारते.

तुमची,
इर्मगार्ड

*

अमिगदाली, २५ जून १९६२

इर्मगार्ड,

त्या माणसाला शोधू नका. आपण काय बघतोय आणि काय करतोय हे त्या सकाळी कोणालाच कळत नव्हतं. त्याला कळलं तर तो उरलेलं आयुष्य कसं काढेल? तो शेतकऱ्याची गोष्ट सांगत फिरतोय, म्हणजे त्याला निम्मं कळलेलंच असणार. फुलं पाठवू दे त्याला.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. हाडं आहेत.

त्या सकाळी मी पोलिख्रोनिसचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गोळीने उजवी बाजू फोडली होती. तुमच्या भावाला छातीत लागली होती. चेहरा जसाच्या तसा. मी नवऱ्याचं डोकं फडक्यात गुंडाळलं, मगच सासूबाईंना हाक मारली. तो चेहरा त्यांनी बघू नये म्हणून. त्या आल्या, बघितलं, आणि रडायच्या आधी कुदळ आणली. कापलेल्या दोऱ्या, विळा आणि त्यांचा मेलेला माणूस असं एका जागी सापडलं असतं तर आमचं घर जाळलं असतं. म्हणून दोघांना एकाच खड्ड्यात घातलं. खाली तुमचा, वर आमचा.

आमच्यात माणूस कायमचा मातीत ठेवत नाहीत. काही वर्षांनी हाडं काढायची, वाइनने धुवायची, उन्हात वाळवायची आणि पेटीत भरून चर्चच्या हाडघरात ठेवायची. तुमचे लोक बेट सोडून गेल्यावर आम्ही दोघींनी खड्डा उघडला. दोन कवट्या निघाल्या. एक अखंड, एक फुटलेली. सासूबाईंनी अखंड उचलली, कपाळाशी लावली आणि म्हणाल्या, "हा माझा." फुटलेलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो परका."

आईला काय सांगायचं? की तुझा तो नव्हे, तुझा तो फुटलेला? बाकीची हाडं त्यांनी अंदाजाने वाटली. लांब ती परक्याची म्हणाल्या. त्या हाडांचं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण कवटीचं सांगू शकते. पोलिख्रोनिसला मी पिठाच्या पिशवीत घालून झाडाखाली परत पुरलं. तुमचा भाऊ पेटीत गेला. पेटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे.

दर वर्षी मेलेल्यांच्या शनिवारी आम्ही उकडलेल्या गव्हाची ताटं घेऊन चर्चमध्ये जातो. सासूबाई पेटी उघडायला लावतात. आता त्यांना नीट दिसत नाही, तर बोटांनी कपाळ चाचपतात, मुका घेतात, आणि त्याला वर्षभराचं सगळं सांगतात. शेळ्या किती व्याल्या, तेल कसं निघालं, सून कशी उलट बोलते. यंदाही सांगितलं. मी शेजारी उभी होते. तुमच्या फोटोतला तो दात मी फोटो यायच्या कितीतरी आधीपासून ओळखते, इर्मगार्ड. पुसताना दर वर्षी माझं बोट त्यावर अडतं. फोटो बघितला तेव्हा वोलानिसांच्या दुकानात मी फोटोतल्या त्या दातावरही बोट ठेवून बघितलं होतं. ते मी त्यांना लिहू दिलं नाही.

तुमचा भाऊ मला तुम्हाला द्यायचा आहे. पण गारिफालिया सासूबाई जिवंत आहेत तोवर ती पेटी मी कशी हलवू? तुमची आई त्याची वाट बघते. माझी सासू त्याच्याशी बोलते. दोघींमध्ये तो एकच आहे. मला मार्ग सुचत नाही. तुम्हाला सुचला तर लिहा.

आर्गिरो

ता. क. हे लिहून घेताना मला दोनदा दुकान बंद करावं लागलं. बाई म्हणतात, गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबू देत, सगळ्यांचं पोटच तर दुखतं. – वोलानिस

*

ओस्नाब्रुक, ५ ऑगस्ट १९६२

प्रिय आर्गिरो,

मी बरेच दिवस पत्र आईपासून लपवलं. मग तिनेच विचारलं, "त्या बाईचं काय आलं? तू पोस्टमन आला की स्वयंपाकघरात पळतेस." तेव्हा वाचून दाखवलं.

तिने मला एक जागा पुन्हा वाचायला लावली, शेळ्या आणि तेलाची. मग विचारलं, "ती रोज जाते का त्याच्याकडे?"

मी म्हटलं, "वर्षातून काही वेळा जात असेल, आई. म्हातारी आहे."

"आणि मुका घेते?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

ती म्हणाली, "मी इथे रिकाम्या जागेला पाणी घालत बसले आणि तिकडे त्याच्याशी कोणीतरी बोलत होतं. तिच्या हातून काढून घेऊ नकोस. तिचं बोलून होऊ दे. मी थांबते."

मी म्हटलं, "आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टरला काय कळतंय? त्याला सांग, मला वेळ नाहीये मरायला."

आमच्याकडून उत्तर हे आहे, आर्गिरो. पेटी हलवू नका.

तुमची,
इर्मगार्ड

*

अमिगदाली, ३० सप्टेंबर १९६२

इर्मगार्ड,

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. वोलानिस वाचताना मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणतात औषधांच्या वासाने डोळे चुरचुरतात. तीस वर्षं त्याच वासात बसलेत!

द्राक्षं तुडवून झाली. सासूबाई उठून बसतात, सूप पितात, मीठ कमी आहे म्हणतात. तुमच्याकडे कसं आहे?

आर्गिरो

*

ओस्नाब्रुक, २ डिसेंबर १९६२

प्रिय आर्गिरो,

आमच्याकडेही सूप, आणि मीठ जास्त आहे म्हणते. प्रत्येक पत्र आलं की पहिला प्रश्न, "तिची तब्येत?" चांगली आहे म्हटलं की मान हलवते, "बरं" म्हणते, आणि दुसऱ्या कुशीवर वळते. त्या 'बरं'चा अर्थ मला लागत नाही. तिला स्वतःला लागतो का, कोणास ठाऊक.

थंडी फार आहे. तिचा खोकला वाढला आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

इर्मगार्ड

*

अमिगदाली, १० मार्च १९६३

माझ्या इर्मगार्ड,

सासूबाई मंगळवारी गेल्या.

आधीच्या रविवारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "सूनबाई, त्याला घरी घेऊन ये. मला चर्चपर्यंत जाववत नाही." मी पाद्रीबाबांना विचारून पेटी घरी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण काढलं, कपाळावरून हात फिरवला. मग बोट खाली नेलं आणि त्या दातावर ठेवलं. तसंच ठेवून बसल्या.

म्हणाल्या, "माझ्या पोराचे दात सरळ होते."

मी पेटी घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"तू काय समजलीस, मला दिसलं नव्हतं? तेव्हा डोळे चांगले होते माझे."

"मग का, सासूबाई?"

"त्या फुटलेल्याचा मुका घेववला नसता गं मला. आणि हाही कोणाचा तरी होता. वाटलं, याला मी धरते. तिकडे माझ्या पोराकडे देव बघेल." मग मुका घेतला आणि झाकण स्वतःच लावलं. "याला आता त्याच्या आईकडे पाठव. माझं बोलून झालं त्याच्याशी."

तुमच्या पत्रांचं मी घरात चकार शब्द बोलले नव्हते. वोलानिसही शपथ घेऊन सांगतात. म्हातारीला कुठून कळलं, की कळलं नव्हतंच आणि त्या तशाच बोलल्या, मला ठाऊक नाही.

कबर खणायच्या आदल्या दिवशी मी झाडाखालून पिठाची पिशवी काढली. पोलिख्रोनिसला वाइनने धुतलं. त्याला आजवर कोणी धुतलं नव्हतं. सासूबाईंना ठेवल्यावर त्याला त्यांच्या पायाशी ठेवलं, पांढऱ्या फडक्यात, फुटकी बाजू आतल्या अंगाला. पाद्रीबाबांनी पेटी कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, "पेटीला कीड लागली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची प्रार्थना म्हणायला लागले.

तुमचा भाऊ आता माझ्या घरात आहे, खिडकीपाशी, जिथून झाड दिसतं. ती फांदी अजून आहे. पोलिख्रोनिसने वाचवलेली. गेल्या हंगामात सगळ्यात जास्त तीच लगडली होती.

तुमच्या आईला सांगा, तुम्ही जिंकलात. थांबायचं संपलं. अजून जरा तग धरा म्हणावं, पोरगं निघालंय. वोलानिस म्हणतात दोन देशांचे शिक्के लागतील. मी म्हटलं, मग आणा की शिक्के, फुकटचे शिकलात का जर्मनीला? उद्या सकाळीच सरकारी कचेरीत जाणार आहेत, दुकान बंद ठेवून.

तुम्ही स्वतः या. पोस्टाने मी त्याला पाठवणार नाही. काही आणू नका, वाइन इथे आहे, आपण दोघी मिळून त्याला धुऊ. मग तुम्ही त्याला न्या. मी अडवणार नाही. पण निघताना थोडा वेळ द्या, इर्मगार्ड. शेळ्या किती व्याल्या ते यंदा त्याला कोणी सांगितलेलं नाही.

तुमची,
आर्गिरो